अल हिलालमधले हवाईयन सुर्वे

हवाई बेटांवरची माणसं काय खातात हे मला ठाऊक नाही. सुर्व्यांनाही ठाऊक नव्हतं. ज्या मालकाने दोह्यातल्या अल हिलाल भागात ‘अस्सल हवाईयन शेव्ह आइस’ अशी पाटी लावली, तो सुट्टीला दरवर्षी जॉर्जियाला जायचा. मॅनेजर बिजू कोट्टयमचा, गल्ल्यावरची मुलगी फिलिपीन्समधल्या कुठल्याशा गावची आणि बर्फ किसणारे सुर्वे दापोली तालुक्यातले. हवाईचा एकही माणूस नसताना त्या दुकानात हवाई चांगलं तीन वर्षं चाललं.

दुकानात एक प्लॅस्टिकचं माडाचं झाड होतं. त्याला प्लॅस्टिकचेच नारळ होते आणि खाली खरी वाळू होती, म्हणजे ज्या एका गोष्टीची कतारमध्ये टंचाई नाही तीच तेवढी अस्सल आणली होती. भिंतीवर समुद्राचं चित्र. खऱ्या समुद्राला गाडीने दहा मिनिटं लागतात, पण तिथे सेल्फीला गर्दी कमी असते.

या सगळ्याच्या मधोमध सुर्वे उभे असत. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस, मिशा गावच्या पोलीसपाटलाच्या असाव्यात तशा. त्यावर लाल-पिवळ्या जास्वंदीचा शर्ट, गळ्यात प्लॅस्टिकच्या फुलांची माळ आणि छातीवर ‘विनी’ अशी पट्टी. विनायक हे नाव पट्टीवर मावलं असतं, पण बिजूच्या मते ते पुरेसं हवाईयन नव्हतं. आत येणाऱ्या प्रत्येकाला ‘अलोहा’ म्हणायचा नियम होता. सुर्वे तो पाळत. मयताला आलेल्या माणसाला आपण ‘या’ म्हणतो, त्या सुरात.

आमची पहिली भेट मी केलेल्या अपमानाने झाली. इराने, म्हणजे माझ्या मुलीने, मोबाइलवर कुठेतरी हे दुकान पाहिलं आणि दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. मी तिच्याशी मराठीत भांडते, ती माझ्याशी इंग्रजीत. शेवटी जूनमधल्या एका दुपारी, गाडीतल्या तापमानाच्या काट्याने शेहेचाळीस दाखवलेलं असताना, आम्ही अल थुमामातल्या घरून निघालो. दुकानात शिरलो तर सुर्वे बर्फाच्या लादीसमोर हाताची घडी घालून उभे. लादी समोर, यंत्र समोर, माणूस समोर.

“टेन मिनिट, मॅडम. आइस नॉट रेडी,” ते म्हणाले.

बर्फ एकतर असतो किंवा नसतो, एवढंच माझं त्यातलं शिक्षण. मी इराला मराठीत म्हटलं, “समोर ठेवलाय ढीगभर आणि म्हणे तयार नाही. मुद्दाम वेळ काढतोय मेला.”

मिशी न हलवता उत्तर आलं, “मुद्दामच काढतोय, वहिनी. बसा.”

मी बसले. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

मग त्यांनीच सांगितलं. फ्रीझरमधून काढलेली लादी पांढरी आणि कोरडी असते. ती तशीच यंत्राला लावली तर रवा पडतो, दाताखाली करकरतो. तिला बाहेर ठेवायचं, अंगावरचा पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी व्हायची वाट बघायची, वरून पाण्याचा थेंब ओघळला की मगच पातं लावायचं. तेव्हा कापसासारखा बर्फ पडतो. “आता ती झोपलीय,” ते लादीकडे बोट दाखवून म्हणाले. “झोपलेल्या माणसाला ओढून कामाला लावला तर तो काय काम करणार? आमच्या कंपनीत लावायचे. म्हणून ती बुडाली.”

दहाची बारा मिनिटं झाली. मग त्यांनी लाकडी चमच्याच्या दांड्याने लादीवर टकटक केलं, मान हलवली आणि यंत्र सुरू केलं. वाटी फिरवत फिरवत त्यांनी असा घुमट रचला की इरा बोलायची थांबली. खाली आइस्क्रीम, त्याच्याखाली गोड शिजवलेले लाल दाणे. “हे काय?” मी विचारलं.

“राजम्याचा भाऊ. हवाईला घालतात म्हणे. मी काय बोलणार? माझा पासपोर्ट इंडियाचा.”

तो बर्फ जिभेवर ठेवला आणि मी गप्प झाले. घरी माझ्या नवऱ्याला इराने हे सांगितलं तेव्हा त्याने त्या दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

त्यानंतर आम्ही दर आठवड्याला जायला लागलो. सुर्व्यांची गिऱ्हाइकं दोन प्रकारची होती. एक, ज्यांना घाई होती. यांना सुर्वे अजिबात घाई न करता, अत्यंत नम्रपणे, हवं तर शेजारी पेट्रोल पंपावर कांडीचं आइस्क्रीम मिळतं असं सांगत. आणि दुसरी, ज्यांना सगळं अस्सल हवं होतं. एकदा माझ्यासमोर एक उंच गोरा गृहस्थ कौतुकाने त्यांचा शर्ट न्याहाळत म्हणाला, “यू फ्रॉम विच आयलंड?”

“दाभोळ,” सुर्वे म्हणाले.

“आह. नियर माउई?”

“लिटिल साउथ.”

गृहस्थाने समजल्यासारखी मान डोलावली. बायकोला जाऊन सांगितलंही. दाभोळच्या नशिबात एवढी आंतरराष्ट्रीय कीर्ती असेल असं कुणाला वाटलं असेल?

मी इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या बायकांना तिथे घेऊन गेले ती माझी चूक होती, पण ती लहान चूक. मोठी पुढे आहे. त्या दिवशी नेमकी संकष्टी. आमच्या अध्यक्षांच्या पत्नी, धारपवहिनी, उपवासाला बर्फ चालतो या निर्णयावर गाडीतच पोचल्या होत्या. दुकानात त्यांनी पाटी वाचायला घेतली आणि ‘टायगर्स ब्लड’पाशी अडकल्या. ते स्ट्रॉबेरी आणि नारळाचं सरबत असतं. कुणा परदेशी माणसाला ते नाव सुचलं आणि त्याला कुणी अडवलं नाही.

“हे व्हेज आहे का हो?” वहिनींनी गंभीरपणे विचारलं.

“एकदम व्हेज,” सुर्वे म्हणाले. “वाघ माळकरी होता.”

बाकीच्या बायका हसल्या. धारपवहिनींनी लिंबू घेतलं आणि परतीच्या वाटेवर ‘माणूस जरा आगाऊ आहे’ असा शेरा मारला. पण पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच येऊन वाघाचं रक्त पिऊन गेल्या, हे मला सुर्व्यांनी सांगितलं. ते कुणाचंही गुपित ठेवत नसत. स्वतःचं एक सोडून.

ते मला योगायोगाने कळलं. शुक्रवारी दुकान नमाजानंतर, एक वाजता उघडायचं. एकदा इराच्या वाढदिवसाची ऑर्डर सांगायला मी अकरालाच गेले. मागचं दार उघडं होतं. आत शीतगृहाच्या कॉम्प्रेसरसमोर सुर्वे उभे होते, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात मोबाइल. दर शुक्रवारचा घरचा व्हिडिओ कॉल चालू होता. ते कॉम्प्रेसरच्या नळ्या एकेक दाखवत होते. “हा बघा बाबा, हा प्रेशरचा काटा. हा माझ्याच ताब्यात. खाली सहा माणसं हायत.” सहा माणसांपैकी एकही तिथे नव्हता. जास्वंदीचा शर्ट आणि माळ खिळ्याला लटकत होती.

फोन ठेवल्यावर ते मला बघून ओशाळले नाहीत. खुर्ची पुसून पुढे केली आणि शर्ट बदलता बदलता सगळं सांगितलं.

त्यांचे वडील दापोलीला एस. टी. स्टँडसमोर गोळे विकायचे. लाकडी रंधा उलटा ठेवायचा, गोणपाटात धरलेली लादी त्यावर घासायची, खाली पडलेला बर्फ मुठीत दाबून काडीला लावायचा. चाळीस उन्हाळे. मुलाने गोळ्याच्या गाडीला हात लावलेला त्यांना खपायचं नाही. शाळेतून येताना सुर्व्यांनी एकदा हौसेने रंधा धरला तर बापाने भर स्टँडवर थोबाडीत दिली. पुढे आयटीआयला रेफ्रिजरेशनला घातलं तेव्हा एकच अट सांगितली, बर्फाला हात लावायचा नाही. मशीन दुरुस्त कर, पण बर्फ खरवडू नको.

“मग मी कतारला आलो,” सुर्वे माळ गळ्यात घालत म्हणाले. “एसीच्या कंपनीत. कंपनी खलास झाली. बिजू बोलला, यू नो आइस? मी बोललो, थोडा थोडा. बापसाने ज्याच्यासाठी थोबाडीत दिली ते काम करायला मी समुद्र ओलांडून आलो. तिकीटसुद्धा काढलं.”

“मग सांगा ना घरी,” मी म्हटलं. दुसऱ्याच्या बापाला काय सांगावं हे आपल्याला नेहमी पटकन सुचतं.

“कशाला? त्यांना लाज होती त्या धंद्याची. मला कधी बोलले नाय, पण कळतं ना. आता स्टँडवर बसून लोकांना सांगतात, माझा मुलगा रेफ्रिजरेशनमध्ये सुपरवायझर हाय. शहात्तर वर्षांचा माणूस. अजून किती वर्षं सांगणार? सांगू दे.” मग माळ सारखी करत म्हणाले, “रेफ्रिजरेशनमध्येच तर हाय मी. खोटं कुठं बोललो?”

त्यांच्या तोंडून टोमणा न मारता आलेलं हे मी ऐकलेलं पहिलंच बोलणं. कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळाला सत्काराचं व्यसन आहे. आम्ही साउंडवाल्याचा सत्कार केलेला आहे. हॉल वेळेवर उघडल्याबद्दल शाळेच्या वॉचमनचा केलेला आहे. तो नेपाळचा होता, शाल अंगावर येताना पाहून दोन पावलं मागे सरला. अध्यक्ष धारप गाडीच्या डिकीत सहा शाली कायम ठेवतात, कुठे कोण कर्तृत्ववान निघेल सांगता येत नाही म्हणून. श्रीफळ हायपरमार्केटमधून येतं, सोललेलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, किमतीच्या चिकटपट्टीसकट.

महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला काहीतरी थंड ठेवू या असं ठरलं आणि मी सुर्व्यांचं नाव सुचवलं. बिजू खूश झाला, यंत्र आणि माणूस दोन्ही पाठवतो म्हणाला, फक्त माणूस युनिफॉर्ममध्ये येईल. सुर्वे मला म्हणाले, “येतो. फोटो नको. बाकी काय पण करा.” मी म्हटलं, फोटोंचं काम माझ्याकडेच आहे, काळजी नको.

कार्यक्रमाला तीनेकशे लोक होते. लेझीम झालं, मुलांनी ज्याचा अर्थ त्यांना माहीत नव्हता असा पोवाडा म्हटला आणि मग सगळे सुर्व्यांच्या टेबलावर तुटून पडले. सुर्व्यांनी तिथेही लादी उठेपर्यंत तीनशे लोकांना थांबवलं. इंजिनिअर, मॅनेजर, एक डॉक्टर, सगळे कागदी वाट्या घेऊन मुकाट उभे. ते दृश्य पाहून धारपांच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली. मी हातातलं काम टाकून त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत ते माइकवर होते. “परदेशात मराठी पाऊल रोवणारा एक कलावंत” वगैरे. सुर्व्यांना दोघांनी धरून स्टेजवर नेलं. जास्वंदीचा शर्ट, त्यावर प्लॅस्टिकची माळ, त्यावर भरजरी शाल, हातात चिकटपट्टीचा नारळ. मिशांखाली काय चाललं होतं ते कुणाला दिसलं नाही. मी फोटो काढला.

नंतर मी सगळ्यांना सांगत आले की शंभरेक फोटो ग्रुपवर एकदम टाकताना तो चुकून गेला. ते खरं नाही. तो फोटो मला आवडला होता. त्या सगळ्या सोंगाच्या खाली तो माणूस इतका ताठ उभा होता की मला वाटलं, हे लोकांनी पाहायला हवं. खाली ओळही लिहिली मी, ‘दोह्यात गोळा गाजवणारे दापोलीचे सुर्वे’. कबूल केलेलं आठवत होतं. पण मंडळाच्या ग्रुपमधलं मंडळातच राहील असं मी स्वतःला सांगितलं. ज्या समाजात सकाळच्या सुविचाराला दुपारपर्यंत चार देश फिरून यायची सवय आहे, तिथे. संध्याकाळी तो फोटो दापोलीत पोचला होता. कुणीतरी स्टँडवर नेऊन म्हाताऱ्याला दाखवला, अभिनंदन म्हणून.

पुढच्या शुक्रवारी वडील फोनवर आले नाहीत. सुर्व्यांच्या बायकोने सांगितलं, झोपलेत. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही झोपले होते. मग देवळात गेले होते. मग पुन्हा झोपले.

मी इराला घेऊन माफी मागायला गेले तेव्हा सुर्वे चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “असू दे मॅडम, तुमचा काय दोष.” मी वहिनीची मॅडम झाले होते. मग ते यंत्राकडे वळले. फ्रीझरमधून लादी काढली, पांढरी, कोरडी, आणि तशीच यंत्राला लावली. रवा पडला. त्यावर सरबत ओतून वाटी इराच्या हातात दिली. दाताखाली करकरलं तसं इराने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच ती मराठीत म्हणाली, “आई, काका बरे नाहीयेत का?”

बिजू मात्र खूश होता. गिऱ्हाइकं भराभर निघायला लागली होती. त्याने सुर्व्यांना ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ केलं, फोटोसकट. अरबीत ‘यल्ला विनी’, चल आटप, आणि इंग्रजीत ‘गुड विनी’. तो फोटोही भिंतीवर लागला आणि सुर्व्यांनी त्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. अलोहा आता खरोखरच मयताचं वाटायला लागलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जुलैमध्ये. त्यानंतर आम्ही सुट्टीला नाशिकला गेलो, आणि परत आलो तर दुकानाच्या जागी कराक चहाचं, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचं, दुकान लागलेलं होतं. सुर्वे उत्तरेकडे अल खोर गावी एसी मेंटेनन्सला लागलेत असं बिजूकडून कळलं. नंबर बदलला होता. पण जुलैमधला तो शेवटचा शुक्रवार मी पाहिला आहे.

दुपारचे दोन वाजले असतील. दुकान भरलेलं, रांग दारापर्यंत. सुर्वे दोन्ही हातांत रबरी मोजे घालून भराभरा वाट्या भरत होते. काउंटरवर ठेवलेला त्यांचा मोबाइल वाजायला लागला. पडद्यावर बायकोचं नाव. त्या वेळी घरून कधीच फोन येत नसे. मोजे सरबताने बरबटलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या आठवड्यांनी म्हणाले, “वहिनी, घ्या जरा. धरा.”

मी हिरवं बटण दाबलं. तो व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर बायको नव्हती. म्हातारा होता, इतका जवळ की आधी फक्त पांढऱ्या मिशा दिसल्या. फोन कसा धरायचा हे त्यांना कुणीतरी बाजूने सांगत होतं. आता शर्ट बदलायला वेळ नव्हता आणि मागे कॉम्प्रेसर नव्हता. मी मोबाइल सुर्व्यांकडे वळवला.

म्हाताऱ्याने डोळे बारीक करून शर्ट न्याहाळला.

“हे काय घातलंयस अंगात?”

“युनिफॉर्म हाय, बाबा. कंपनीचा.”

“मॅक्सीच्या कापडाचा?”

“होय.”

सुर्वे यंत्र थांबवून उभे राहिले. तोंड कुणीतरी मारायची वाट बघणाऱ्या पोराचं झालं होतं. मला वाटलं, आता बोलणार म्हातारा, सगळ्या रांगेसमोर, मराठीत, आणि एवढ्या माणसांत ते फक्त मलाच कळणार.

“मोजे काढ,” म्हातारा म्हणाला.

“गिऱ्हाईक हाय बाबा.”

“काढ सांगितलं.”

सुर्व्यांनी मोजे काढले.

“उजवा पुढं कर. मिट.”

त्यांना कळलं नाही. मलाही नाही. तेवढ्यात पडद्यावर म्हाताऱ्याने स्वतःचा उजवा हात वर आणला. मधली तीन बोटं अर्धवट वाकलेली होती आणि तशीच राहिली. ते मिटायचा प्रयत्न करत होते. बोटं हलली नाहीत. “बर्फाने माझं झालं तसं तुझं झालंय काय, बघू दे मला. फोटूत शाल होती, नारळ होता, बोटं दिसत नव्हती. तेव्हापासून बघतोय तो फोटू. मिट.”

“बाबा, मशीन हाय इथं. मोटर हाय,” सुर्वे म्हणाले. “मला वाटलं तुम्हाला लाज…” ते वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

“मशीन असू दे. मिट.”

त्यांनी मूठ मिटली. उघडली.

“परत.”

रांगेतून कुणीतरी घसा खाकरला. बिजू मागून काहीतरी इंग्रजीत म्हणाला. मी मोबाइल दोन्ही हातांनी धरला. सुर्वे पडद्यासमोर दोन्ही हात धरून उजवी मूठ मिटत होते, उघडत होते, मग डावी, मग पुन्हा उजवी, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांच्याकडे मोकळा हात नव्हता. तिकडे दापोलीत म्हातारा प्रत्येक वेळी म्हणत होता, “बरं.”